मंडळ-गप्पा: तुझ्या गावात काय मोजायचं?

व्हिटबीहून, नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

इकडे इंग्लंडात दर सप्टेंबरला वारसा दिवस असतात. एरवी कुलूप असलेल्या जुन्या वास्तू तेव्हा फुकट बघायला मिळतात. आमचं व्हिटबी म्हणजे समुद्रकाठचं लहानसं गाव. कॅप्टन कुकचं 'एंडेव्हर' जहाज इथेच बांधलं गेलं. इथल्या इतिहास मंडळातल्या एक आजी आम्हाला टेकडीवरच्या चर्चकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्यांवर घेऊन गेल्या. मध्येच पायऱ्या रुंद होतात, तिथे लाकडी बाक आहेत. आजी म्हणाल्या, पूर्वी शवपेटी खांद्यावरून वर न्यायचे, ती टेकवून दम खायला ही जागा. माझा आठ वर्षांचा लेक मोठ्याने पायऱ्या मोजत होता, तो गप्पच झाला. मग त्या बाकावर हात फिरवत बसला.

घरी येताना त्याने विचारलं, "आई, तुझ्या गावात काय मोजायचं?" माझं माहेर सोलापूर, सगळं बालपण तिथे गेलं, आणि मला पटकन काही सांगता येईना. जानेवारीत आम्ही येतोय. कुणी मदत करेल का?

सोलापूरहून, त्याच रात्री

वहिनी, नमस्कार.

मी दोन वर्षांपूर्वी परदेशातून कायमचा परत आलो, पण मंडळाच्या या पत्र-यादीतून नाव काढलं नाही, ते अशाच पत्रांसाठी. लेकाला सांगा, त्याची बोटं पुरायची नाहीत.

पहिला आकडा ६८. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी बाराव्या शतकात गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या दोन दिवस आधी नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवणुकीने निघतात आणि या सगळ्या लिंगांना तैलाभिषेक होतो. आपण लहानपणी गड्ड्याला, म्हणजे या जत्रेला, गेलो ते पाळण्यात बसायला आणि बांगड्यांच्या दुकानापाशी आईचा हात धरून उभं राहायला. ती ६८ ठिकाणं कुठे आहेत, हे मीही पन्नाशी उलटल्यावर शोधायला लागलो. काही घरांच्या बोळात आहेत, काही रस्त्याच्या कडेला. रोज फुलं वाहणारी माणसं तिथेच राहतात. त्यांनाच विचारायचं, ती आनंदाने सांगतात.

दुसरा आकडा ७. नंदीध्वज सात. भोगीच्या दिवशी त्यांना बाशिंग बांधून तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर आणतात. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, त्याचा हा सोहळा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती उंच काठी कमरेशी पेलून चालतात. तोल गेला की बाजूचे धावतात. मुलाला अगदी जवळ उभं करा आणि काठी धरणाऱ्याच्या मनगटाकडे बघायला सांगा, शिरा कशा तट्ट फुगतात ते. मग कन्नडमधून "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" सुरू होतं आणि अक्षता पडतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात. हे आपलं गाव आहे, वहिनी. त्याला ते डोळ्यांनी बघू द्या.

तिसरा आकडा ४, आणि यासाठी माझी कळकळीची विनंती आहे. १२ जानेवारीला चार पुतळ्यापाशी, म्हणजे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी, चला. मे १९३० मध्ये सोलापुरातून तीन दिवस इंग्रजांचा अंमल उठला होता, लोकांनीच गाव सांभाळलं. मग मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिलं. गड्डा आणि हा दिवस अगदी लागून येतात. गाव नटलेलं असतं, आणि त्याच गर्दीतून कुणीतरी हार घेऊन पुतळ्याकडे निघालेलं असतं. चौघांची नावं मुलाकडून पाठ करून घ्या. मी माझ्या नातवाकडून घेतली.

भुईकोट किल्ला, इंद्रभुवन ही जुनी इमारत, चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं स्मारक हे ओघाने होईलच. किल्ला गड्ड्याच्या होम मैदानाला लागूनच आहे.

मेलबर्नहून

काका, कुर्बान हुसेन गिरणी कामगारांचे पुढारी होते ना? माझी आजी गिरणीत होती, सूत गुंडाळायच्या खात्यात. जुनी मिल १८७७ ची, एवढं मला माहीत आहे, पण आजीने सांगितलेलं आठवतं ते वेगळंच. भोंगा झाला की भाकरी तव्यावर तशीच सोडून ती निघायची, शेजारीण ती उलटायची. संध्याकाळी केसात कापसाचा भुगा असायचा, आई तो वेचून काढायची. घड्याळ घरात नव्हतं, गावच भोंग्यावर उठायचं. मी यंदा येऊ शकत नाही. गिरणीच्या जागेवर कुणी जाणार असेल तर माझ्यासाठी दोन मिनिटं थांबा.

सोलापूरहून

पोरी, थांबतो. नुसतं थांबत नाही, तू लिहिलंस ते तिथे वाचून दाखवतो. हो, तेच कुर्बान हुसेन.

असं करू या. १२ तारखेला सकाळी आठला चार पुतळ्यापाशी जमायचं. तिथून पायी किल्ला, तळं, मग रिक्षाने गिरणीकडे. मंडळातलं जे कुणी त्या आठवड्यात सोलापुरात असेल त्याने यावं, सासर-माहेरच्या माणसांनाही आणावं. घरात कुणी गिरणीत, मागावर किंवा विडी कारखान्यात काम केलेलं वयस्कर असेल तर त्यांना आधी आणा. रिक्षाचं मी बघतो. नाश्ता माझ्या घरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

वहिनी, लेकाला एक वही आणायला सांगा. पायऱ्या मोजल्या तशी लिंगं मोजेल, आणि राहिलेली पुढच्या वर्षी.