कोश्यारी समितीचा अहवालही आठवा

'सैनिकांसाठी खासदार नुसती भाषणं ठोकतात' असं एकाने इथे लिहिलंय, ते मत सरसकट पटलं नाही. भगतसिंह कोश्यारी आपल्याला राज्यपाल म्हणूनच आठवतात, पण 'वन रँक वन पेन्शन'ची (निवृत्ती कधीही झालेली असो, समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) मागणी उचलून धरणारा राज्यसभेच्या याचिका समितीचा डिसेंबर २०११चा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखाली आला. पुढची प्रत्येक वाढ जुन्या निवृत्तांनाही आपोआप मिळावी, असं त्यात स्पष्ट होतं. ही योजना लागू करणाऱ्या सरकारच्या २०१५च्या आदेशात मात्र आपोआप वाढीऐवजी दर पाच वर्षांनी पेन्शनचा फेरआढावा आला, आणि माजी सैनिकांचं खरं दुखणं तेच आहे.

माझे वडील १९८४ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. गावातल्याच, पण खूप नंतर निवृत्त झालेल्या एका हवालदाराचं पासबुक शेजारी ठेवून ते पेन्सिलीने फरक मांडायचे. या योजनेच्या थकबाकीचा पहिला हप्ता जमा झाला, तेव्हा ती नोंद त्यांनी आईला दोनदा वाचून दाखवली.