लॅपटॉपचा पंखा सतत ओरडतोय, म्हणून लगेच उघडायचा का?

वऱ्हाडी_कीबोर्ड
लॅपटॉपचा पंखा दिवसभर फुल स्पीडने फिरतोय म्हटलं की आपल्याकडे एकच उत्तर ठरलेलं: "धूळ साचली असेल, सर्व्हिसिंग करून घ्या." माझ्या मते हा सल्ला घाईचा आहे. पंख्याला कुणीतरी पळवत असतं, आणि ते कोण हे बघायला पाना-पेचकस लागत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसर चिपच्या) रकान्यावर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. तुम्ही काहीही करत नसताना आकडा ३०-४० टक्क्यांवर बसला असेल तर आधी तिथेच शोध घ्या. विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन, सर्चचं इंडेक्सिंग ही कामं नव्या मशीनवर किंवा मोठ्या अपडेटनंतर तासन्‌तास चालतात आणि मग आपोआप थांबतात. ब्राउझरमधला एखादा टॅबही पुरेसा असतो. कॉइनहाइव्ह आठवतंय? २०१७ ते २०१९ या काळात कितीतरी वेबसाइट्स त्याची स्क्रिप्ट टाकून लोकांच्या सीपीयूवर परस्पर क्रिप्टोचं मायनिंग (आकडेमोड करून आभासी चलन कमावणं) करत होत्या. तेव्हा पंखे ओरडले ते धुळीने नाही.

मग तापमान बघा. ते दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सीपीयू ४-५ टक्के आणि तरी तापमान ७५-८० अंश, तर मीही म्हणेन की उघडा. पण तापमान ४५ आणि पंखा तरी फुल, तर साफसफाईने काय होणार? तिथे सेन्सर, पंख्याची वायर किंवा बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) बघायला हवं. हे न बघता थेट दुकानात जाऊन पैसे मोजणं मला पटत नाही.

पेचकस_हातात
मी दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून ठामपणे विरोध करतो. टास्क मॅनेजर टक्के दाखवतो, हवा किती जातेय ते दाखवत नाही. लॅपटॉपचा पंखा खालून हवा ओढतो आणि हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, बारीक पात्यांतून बाहेर ढकलतो. धूळ साचते ती पंखा आणि त्या पात्यांच्या मधल्या फटीत, आणि तिचा नमद्यासारखा घट्ट थर होतो. बाहेरून जाळी लख्ख दिसते! गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की मशीन स्वच्छ आहे, आणि मी आतून अख्खी पट्टी चिमट्याने उचलून दाखवतो.

आपल्याकडची धूळ, पंख्याखाली गादी, चादरीचे तंतू, घरात मांजर असेल तर केस. तीन-चार वर्षं न उघडलेल्या मशीनवर लोक महिनोन्‌महिने सेटिंग बदलत बसतात, तोवर चिप आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्टही सुकून जाते. आणि उघडल्यावर कधी कधी फुगलेली बॅटरी सापडते. ती कुठल्या टास्क मॅनेजरमध्ये दिसणार?

वऱ्हाडी_कीबोर्ड
फुगलेल्या बॅटरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. टचपॅड वर आलेला दिसला किंवा खालचं झाकण डुगडुगलं तर वापर तिथेच थांबवावा, त्यात वाद नाही. पण वॉरंटीतला आठ महिन्यांचा लॅपटॉप घेऊन येणाऱ्याला तुम्ही काय सांगाल? तोही उघडाल?

पेचकस_हातात
नाही. त्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवेन.

रात्री_रेंडर
धूळ की सॉफ्टवेअर या वादात तिसरीच गोष्ट राहून जाते. "पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, पंखा गप्प बसेल" हा सल्ला जिथे तिथे दिला जातो. गप्प बसतो हे खरं, पण कशामुळे? इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर १०० चं ९९ केलं की टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेला चिपचा वेग वाढवायची सोय, बंद होतो. आय-५ ८२५०यू ही चिप घ्या: मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बोत ३.४ पर्यंत. एका टक्क्याच्या नावाखाली तुम्ही जवळजवळ निम्मा वेग सोडून देताय. व्हिडिओ एडिट करणाऱ्याला हे परवडत नाही. रोग तसाच ठेवून ताप उतरवायची गोळी आहे ही.

घाटमाथा
@रात्री_रेंडर, असहमत. माझ्या आईचा लॅपटॉप यूट्यूब, बँक आणि व्हॉट्सअ‍ॅपपुरता. तिला टर्बोचा काय उपयोग? पातळ मशीनमध्ये १५ वॉटची चिप बसवायची आणि थोड्या वेळासाठी तिला त्याच्या दुपटीहून जास्त वीज खाऊ द्यायची, म्हणून एक पान उघडलं तरी पंखा झोकात सुरू होतो. ९९ केल्यापासून घरात शांतता आहे. काही नव्या मशीनवर हा पर्याय दिसतच नाही, तिथे पॉवर मोड "बेस्ट पॉवर एफिशियन्सी"वर ठेवावा.

आणि एक चाचणी: मशीन रीस्टार्ट करून बायोसच्या पडद्यावर थांबा. पंखा तिथेही ओरडला तर विंडोज निर्दोष.

रात्री_रेंडर
ही चाचणी दिशाभूल करते, कृपया सुचवू नका. बायोसमध्ये वीज वाचवण्याच्या सोयी बऱ्याचदा पूर्ण चालू नसतात, त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही तिथे विंडोजमध्ये नुसता रिकामा असतो त्यापेक्षा जास्त तापू शकतो. मशीन थंड असताना सुरू करताक्षणी पंखा फुल सुटला आणि खाली आलाच नाही, तरच त्यातून काही कळतं.

वऱ्हाडी_कीबोर्ड
आणखी एक, कारण मी अकोल्याचा आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो. पंखा खोलीतलीच हवा वापरतो, त्याहून थंड काही करू शकत नाही. जानेवारीत ५० दाखवणारी चिप मेमध्ये त्याच कामाला ७० दाखवणार. हे बिघाड म्हणून दुकानात नेलं तर पेस्ट बदलून बिल मिळेल, ऊन तेच राहील.

पेचकस_हातात
हे बरोबर. म्हणूनच मी आकडा विचारताना खोली किती गरम आहे तेही विचारतो.

नवा_सभासद
पंख्याचा वेगच कमी करणारं सॉफ्टवेअर टाकलं तर? आणि दुकानात न नेता बाहेरून ब्लोअर मारला तर चालेल का?

पेचकस_हातात
दोन्ही नको. पंखा अडवला की उष्णता आतच कोंडते. चिप १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग तोडून वाचते, शेजारच्या बॅटरीला तशी सोय नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर उलटा पंख्यात शिरतो, आणि पंख्याची पाती मोकळी असतील तर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. झाकण काढा, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पाती बोटाने धरून ठेवा आणि मग हवा मारा. कनेक्टर सोडवायची भीती वाटत असेल तर माझ्यासारख्याकडे आणा, आणि काम तुमच्यासमोर करायला सांगा.