मेम्फिस बेल (१/७२): एका बाजूला निळा पोशाख, दुसऱ्या बाजूला लाल?

टिचकी:
१/७२ प्रमाणातलं 'मेम्फिस बेल'चं मॉडेल करतोय, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बफेकी विमान बी-१७एफ. ऑलिव्ह ड्रॅबचा (लष्करी मळकट हिरवा) मॅट रंग वाळल्यावर थेट डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) लावलं. आता विमानाच्या नाकावरच्या बाईच्या चित्राभोवतीची पारदर्शक फिल्म चंदेरी दिसतेय. शिवाय डिकॅलच्या शीटवर डावीकडच्या बाईचा पोशाख निळा आहे, उजवीकडचा लाल. छपाईची चूक का? उजवं अजून लावलेलं नाही.

जुना प्रोपेलर:
चूक नाही, बिनधास्त लावा. मूळ विमानावरही डावीकडे निळा आणि उजवीकडे लालच होता. जॉर्ज पेटीने 'एस्क्वायर' मासिकासाठी काढलेल्या चित्रावरून ९१व्या बॉम्ब ग्रुपच्या (विमानाच्या तुकडीच्या) टोनी स्टार्सरने इंग्लंडमधल्या बॅसिंगबोर्नच्या तळावर ते रंगवलं. नाव पायलट रॉबर्ट मॉर्गनच्या मेम्फिसमधल्या मैत्रिणीवरून, मार्गारेट पोक हिच्यावरून. (लग्न मात्र झालं नाही.)

रिव्हेट:
चंदेरीपणाचं कारण मॅट रंग. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो, फिल्मखाली हवा अडकते आणि तीच चमकते. लावलेल्या डिकॅलला बारीक सुईने दहा-बारा टोचे द्या, वरून मायक्रो सोल (डिकॅल मऊ करणारं द्रावण, लाल लेबल) लावा आणि रात्रभर ठेवा. फिल्म सुरकुतली की हात आवरा, वाळताना ती आपोआप बसते. सुरकुतलेली असताना बोट लावलं की चित्र फाटलंच. दोन-तीन वेळा करावं लागेल.
उजवीकडे आधी ग्लॉस क्लिअरचे दोन पातळ हात द्या आणि २४ तास वाळू द्या. चित्राबाहेरची फिल्म कापून टाका. कोमट पाण्यात २०-३० सेकंद बुडवून टिश्यूवर ठेवा, आपणहून सरकेपर्यंत ओढू नका. खाली मायक्रो सेट (डिकॅल नीट चिकटवणारं द्रावण, निळं लेबल), वरून सोल. वाळल्यावर ओल्या कापडाने गोंद पुसा, मगच मॅट वार्निश. गोंद राहिला तर वार्निशखाली डाग उठतात.

जुना प्रोपेलर:
बॉम्बच्या खुणा (दर मोहिमेला एक) लावण्याआधी तारीख ठरवा. मॉर्गनच्या चमूची २५वी मोहीम १७ मे १९४३ ची, पण विमानाची स्वतःची २५वी १९ मेची, वेगळ्या चमूसोबत. त्याआधीचं विमान दाखवायचं तर २५ बॉम्ब लावू नका. अमेरिकन विमानांवरच्या ताऱ्याच्या दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे जून १९४३ अखेरच्या आदेशाने आले. तोवर हे विमान अमेरिकेला परतलं होतं, म्हणून नुसता गोल आणि तारा. जर्मनीत छापलेल्या शीटवर स्वस्तिकं (पाडलेल्या जर्मन विमानांच्या खुणा) बहुधा नसतात किंवा तुकड्यांत असतात. तिथल्या कायद्यामुळे. ती वेगळी मिळवावी लागतील.

टिचकी:
आभार. रंगासाठी आजचे फोटो चालतील?

रिव्हेट:
अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयातल्या खऱ्या विमानाचे चालतील, २०१८ पासून ते तिथे मांडलेलं आहे. उडणारी 'बेल' दिसली तर सावध, ते चित्रपटासाठी रंगवलेलं बी-१७जी आहे. आजची नोज आर्ट (नाकावरचं चित्र) विमानाच्या जन्माची असेलच असं नाही. आपल्या हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरलेलं एक लिबरेटर (बी-२४ बॉम्बफेकी विमान, क्रमांक एचई७७१) पुढे अमेरिकेत 'ऑल अमेरिकन', मग 'ड्रॅगन अँड हिज टेल', मग 'विचक्राफ्ट' या नावांनी उडालं. 'ड्रॅगन'चं मूळ विमान वेगळंच होतं, ते युद्धानंतर अॅरिझोनातल्या किंगमनला भंगारात गेलं.