मदत हवी आहे: दादरच्या पोर्तुगीज चर्चची जुनी इमारत

नमस्कार मंडळी. आजीच्या लग्नाचा 1956 चा फोटो सापडलाय. मागे निळ्या शाईत फक्त 'साल्व्हेशन चर्च, दादर' एवढंच. पायऱ्यांवर वऱ्हाड, मागे कमानीचा दरवाजा, आणि छत्री धरलेल्या कुणाच्या तरी डोक्यामागे मनोऱ्याचा तुकडा दिसतो. छत्रीवाल्याने घोळ केलाय!

हे चर्च, म्हणजेच पोर्तुगीज चर्च, 1596 मध्ये फ्रान्सिस्कन पंथीयांनी स्थापन केलं. आजची इमारत मात्र वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, 1977 ची. मधली अंगणं, वरची शंकूसारखी छपरं, हवा खेळती राहील अशी रचना. मला ती आवडते, पण घरातली जुनी माणसं अजून 'आमचं जुनं चर्च' म्हणून हळहळतात.

जुनी इमारत पाहिलेलं कुणी आहे का इथे? किंवा घरच्या अल्बममध्ये लग्न, बाप्तिस्मा, सणाच्या मिरवणुकीचे फोटो? दर्शनी भाग पूर्ण दिसणारा एक जरी मिळाला तरी माझा फोटो ताडून पाहता येईल. पाडताना वेदी, घंटा, जुने दगड कुठे गेले हेही कळलं तर उत्तम. आणि जुनी लग्ननोंद पाहायला पॅरिश ऑफिसात अर्ज कसा करायचा, कुणी केलाय का?