पोहून आलं की अंगावर पुरळ: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठ
भाची इगतपुरीच्या बाजूच्या एका रिसॉर्टवरून आली ती पोट खाजवतच. शनिवारी रात्री सगळ्या मैत्रिणी जकुझीत बसून गप्पा मारत होत्या म्हणे. ‘मावशी, पाणी इतकं छान गरम होतं ना, उठावंसंच वाटेना.’ सोमवारी सकाळी बघते तर पोटावर, कमरेवर, मांड्यांच्या वरच्या बाजूला बारीक लाल पुळ्या, काहींच्या टोकाला पू. आणि कॉस्च्युम जिथवर तिथवरच. पायांवर नावालाही नाही, मध्ये रेघ मारल्यासारखी हद्द.

ते बघून मला आमची पोहण्याची उन्हाळी बॅच आठवली. घरी पोचेपर्यंत कोपराच्या लवणीत खाज सुटायची, डोळे लालभडक. आई खोबरेल चोळायची आणि म्हणायची, आज मेल्यांनी औषध जास्त ओतलंय.

तुमच्यापैकी कुणाला झालंय का असं? तलाव, सोसायटी, वॉटर पार्क, काहीही चालेल. भाचीला संध्याकाळी डॉक्टरांकडे नेतेय. कुकर लावून लिहितेय, चुका पोटात घाला.

सिडको_एक्स्प्रेस
मी बादलीच्या बाहेरच्या पाण्यावर विश्वास ठेवत नाही. इति.

पंपरूम
ताई, सोसायट्यांचे पूल सांभाळायचं काम करतो, गंगापूर रोड-पाथर्डी फाटा पट्ट्यात. तुम्ही सांगताय ती पुरळ औषध जास्त झाल्याची वाटत नाही. कमी पडल्याची वाटते.

पाणी ३८-४० डिग्रीवर ठेवलं आणि खालून बुडबुडे सोडले की क्लोरीन भराभर उडतो. टबात पाणी किती, माणसं किती! त्यांचा घाम, अंगाला लावलेलं लोशन, सगळं तो क्लोरीन खाऊन टाकतं. पूलमध्ये मोकळा, म्हणजे अजून खर्ची न पडलेला, क्लोरीन १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) तरी लागतो, गरम टबात ३. शनिवारी संध्याकाळी एक घोळका बसून गेला की दुसरा येईपर्यंत आकडा शून्याला टेकलेला असतो, आणि रिसॉर्टवाले मोजतात सकाळी. एकदाच. मोजलं तर.

लेकुरवाळी
आमच्या सोसायटीच्या पूलला तर वास असा मारतो की लिफ्टमध्ये कळतं कोण पोहून आलंय. म्हणजे तिथे क्लोरीन भरपूर ना? मग लेकीच्या गुडघ्यामागे चट्टे का येतात? तिला आधीपासून थोडा एक्झिमा आहे. सेक्रेटरी म्हणतात तुमची मुलगीच नाजूक.

पंपरूम
@लेकुरवाळी वासावर जाऊ नका. चांगल्या पूलला वास जेमतेम येतो. तो नाक झोंबणारा वास क्लोरामाइनचा, म्हणजे क्लोरीनचा घामाशी आणि (माफ करा, पण खरं आहे) लघवीशी संयोग झाला की जे तयार होतं त्याचा. डोळे लाल होतात तेही त्यानेच. वास वाढला की लोक ओरडतात औषध कमी करा, आणि वॉचमन कमी करतो. करायचं असतं उलटं.

अजून एक. तुमच्या वॉचमनकडे क्लोरीन तपासायचं ओटीओचं किट असणार, दोन बाटल्या, पिवळा रंग आला की ‘ओके’. तो पिवळा रंग मोकळा आणि घामा-लघवीत अडकलेला दोन्ही क्लोरीन एकत्र दाखवतो. पाणी पार दमलेलं असलं तरी पिवळं येतं. मोकळा वेगळा बघायचा तर डीपीडीचं किट हवं, गुलाबी रंगाचं. आणि पीएच. तो ८ च्या वर गेला की क्लोरीन असून नसल्यासारखा. ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा म्हणावं.

लेकुरवाळी
बाप रे. म्हणजे आमच्या बेबी पूलमध्ये... नको, मला विचारच करायचा नाही.

सिडको_एक्स्प्रेस
सेक्रेटरींना विचारा ते कुठल्या पूलमध्ये उतरतात. 😄

अण्णा_पंचवटी
आम्ही गांधी तलावाजवळ शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. डबा सुटला की थोरला भाऊ काठावरून हसायचा, मग कधीतरी हात द्यायचा. पूर आला की अहिल्याबाई होळकर पुलावर गर्दी, पट्टीचे पोहणारे उड्या घ्यायचे आणि आम्ही पोरं गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघायला. कमरेपर्यंत आलं की शाळेला सुट्टी मिळणार म्हणून आनंद. क्लोरीन कुणाला माहीत होता? खाज मात्र तेव्हाही यायची बरं का. आजी राख लावायची. आता नदीत पाणवेली बघतो आणि पाय मागे घेतो.

गोदाकाठ
अण्णा, राख??

अण्णा_पंचवटी
चुलीतली. गोवऱ्यांची. मी सांगतोय ते घडलं म्हणून, करा म्हणून नाही.

निफाडकर
धाग्याचा विषय पुरळ आहे पण माझा अनुभव केसांचा आहे, लिहू का? लिहितोच. मोठी बहीण केस रंगवत नाही, छान पांढरेशुभ्र आहेत. मुलाकडे राहायला गेली, तिथल्या पूलवर रोज सकाळी. महिनाभराने गावी आली तर केसांना हिरवी झाक! गावात उतरल्यापासून सगळे गालातल्या गालात हसताहेत, ही बिचारी तोंड लपवतेय. सगळे म्हणाले क्लोरीन. मी बागायतदार माणूस, मी एका नजरेत ओळखलं. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. शेवाळ मारायला टाकतात पूलमध्ये. आम्ही बोर्डोच्या फवाऱ्यात तेच वापरतो, मोरचूद आणि चुना, द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी. फवारणीच्या दिवसांत माझ्या मनगटावरचे केस, टोपीची कड, पंपाचा पट्टा, सगळं निळसर हिरवं. बोर्डो नीट जमलं नाही, चुना कमी पडला, तर कोवळं पान जळतं. मग माणसाच्या कातडीची काय कथा. फवारून आलो की मानेला जिथे पट्टा घासतो तिथे आग होते.

यंदा डावणीने पार वाट लावली, तो वेगळा धागा काढावा लागेल.

पंपरूम
निफाडकर भाऊ बरोब्बर. हिरवे केस तांब्याचे, क्लोरीनचा हात त्यात दुय्यम.

मनमाड_पॅसेंजर
बोर्डोचा धागा काढाच. आमच्याकडे पण रडगाणं तेच आहे.

थंडी_नको
माझं जरा वेगळं. दर हिवाळ्यात पूलमध्ये उतरले की पाच-दहा मिनिटांत दंडांवर, मांड्यांवर गांधी. मोठ्या, फुगलेल्या, प्रचंड खाज. बाहेर येऊन ऊन खाल्लं की तासाभरात गायब. उन्हाळ्यात काही नाही. कोच, घरचे, शेजारचे, सगळ्यांचं एकमत, क्लोरीनची ॲलर्जी. गोळ्या घेऊन पोहत राहिले. एकदा जानेवारीत, निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात ना त्या दिवसांत, पाण्यातच डोळ्यापुढे अंधारी आली. शेजारच्या लेनमधल्या काकूंनी धरलं म्हणून कठड्यापर्यंत आले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी काय केलं, फ्रीजमधला बर्फाचा खडा पिशवीत घालून माझ्या हातावर पाच मिनिटं ठेवला. काढला, आणि आम्ही दोघी बघत बसलो. हळूहळू खड्याच्या आकाराची चौकोनी गांध वर आली. कडा सुद्धा स्पष्ट. थंडीचं पित्त. पाण्यातल्या औषधाचा काही संबंधच नाही. अशांनी गार पाण्यात एकट्याने अजिबात उतरायचं नाही, एकदम सगळं अंग गार झालं तर रक्तदाब पडतो, असं त्यांनी बजावलं.

लेकुरवाळी
अंगावर काटा आला वाचून. आता बऱ्या आहात ना?

थंडी_नको
हो गं, मस्त. एप्रिल-मे पोहते, बाकी वर्षभर चालते. आणि आंघोळीचं पाणी कडकडीत.

सॅन_होजेची_नाशिककर
रात्रीचे बारा इथे, पण विषय असा की राहवलं नाही. आमच्याकडे अंगणात हॉट टब आहे (घराबरोबर आला, मी मागितला नव्हता). इथे टबात क्लोरीनऐवजी पुष्कळ लोक ब्रोमीनच्या गोळ्या टाकतात, गरम पाण्यात तो जास्त टिकतो. नवऱ्याला छातीवर, पाठीवर कोरडे खाजरे चट्टे यायला लागले. आधी वाटलं ब्रोमीनच, कारण त्या गोळ्यांनी कातडीचा त्रास होतो हे माहीत आहे. बदलून बघितलं, फरक नाही. शेवटी ॲलर्जीची पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तास ठेवतात, आंघोळ नाही, घाम नाही, आमचे साहेब नुसते चिडचिड करत फिरत होते. निघालं काय तर शॉकची पावडर! पाणी गढुळलं की टाकतात ती, पोटॅशियम मोनोपरसल्फेट. डब्यावर ठळक ‘क्लोरीन नाही’ म्हणून आम्ही तीच सौम्य समजून आणायचो.

ती बंद केली, पाणी सगळं बदललं, चट्टे गेले. आता टबावर झाकण आणि झाकणावर तुळस.

अण्णा_पंचवटी
तुळस तिकडे थंडीत टिकते?

सॅन_होजेची_नाशिककर
टिकते की अण्णा, इथे बर्फ नाही पडत. मंजिऱ्या पण येतात.

चष्मेबहाद्दर
रॅश म्हणजे फक्त पाण्याचीच का? माझ्या डोळ्यांभोवती गोल लाल कडी यायची. गॉगलच्या काठाच्या रबराने. सिलिकॉनचा घेतला, बंद. तलाव बदलून झाले होते, क्लास बदलून झाला होता.

बाकी त्र्यंबक रोडच्या तलावावरून सुटल्यावर मिसळ खायची पद्धत कुणी पाळतं का अजून? पोहून जेवढं कमावलं तेवढं सव्याज परत.

मनमाड_पॅसेंजर
मिसळ पाळतो. पोहणं सुटलं.

सिडको_एक्स्प्रेस
काळ्या रश्श्याची की लाल? विचार करून उत्तर द्या, धागा पेटेल.

गोदाकाठ
मिसळीचं भांडण नंतर करा रे. डॉक्टरांकडून आलो.

पंपरूम दादांचं खरं निघालं. केसांच्या मुळांना झालेला संसर्ग, सुडोमोनास नावाचे जंतू, कोमट-गरम पाण्यात क्लोरीन कमी पडला की वाढतात. ओला कॉस्च्युम अंगावर राहिला की ते पाणी कातडीला धरून राहतं, म्हणून पुळ्या त्याच आकारात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतात, त्यामुळे कशाने झालं ते लोकांच्या लक्षातच येत नाही, जेवणावर नाहीतर साबणावर खापर. आठवडा-दहा दिवसांत बहुतेकांचं आपोआप जातं. फोडायच्या नाहीत, वॅक्सिंग-शेव्हिंग आत्ता नाही, घट्ट कपडे नाहीत. ताप आला किंवा वाढत गेलं तर लगेच दाखवायचं. आणि कॉस्च्युम धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचा, हिने तो ओलाच पिशवीत कोंबून आणला होता!

बरोबरच्या मैत्रिणींना फोन केला तर अजून दोघींना तेच. एक नागिणीची औषधं आणायला निघाली होती.

रिसॉर्टला फोन केला. ‘मॅडम, आमचं पाणी एकदम क्रिस्टल क्लिअर असतं.’ बरं.

पंपरूम
स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं वेगळं. पुढच्या वेळी टबाच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवायला सांगा. बुळबुळीत लागलं की उतरायचं नाही, मग पाणी कितीही नितळ असो. पट्ट्या मिळतात टेस्टच्या, पर्समध्ये मावतात.

लेकुरवाळी
दादा, एक्झिमावाल्यांसाठी काही?

पंपरूम
मी डॉक्टर नाही ताई. माझी मुलगी पोहते, तिला उतरायच्या आधी साध्या पाण्याने पूर्ण भिजवतो, बाहेर आली की लगेच शॉवर, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. आधी अंग भिजलेलं असलं की घाम पाण्यात कमी जातो आणि कातडी पूलचं पाणी कमी पिते. तेल चोपडून उतरवू नका, माझं फिल्टर रडतं. बाकी तिच्या डॉक्टरांना विचारा.

आणि विषय निघालाच आहे तर सगळ्यांना हात जोडून. टीसीसीएच्या (पूलच्या क्लोरीनच्या) गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मगात कधीही नको. एका ठिकाणी (नाव नाही घेत) पोऱ्याने गोळ्यांच्या रिकाम्या बादलीत ब्लीचिंग ओतलं. तळाला भुगा होता, थोडा ओलसर. आधी फसफस, मग पिवळट हिरवा धूर. मी त्याला कॉलर धरून ओढलं, दोघं अंगणात पडून खोकत होतो. पुरळ परवडली.

थंडी_नको
अरे देवा.

निफाडकर
पंपरूम भाऊ, एक विचारायचं राहिलं. पोरं सुट्टीत आली की आमच्या शेततळ्यात उतरायचा हट्ट करतात. पुरळ नको म्हणून त्यात थोडी टीसीसीए सोडली तर चालेल का? तेच पाणी ड्रिपने बागेला जातं.

पंपरूम
नका सोडू, आणि पोरांना तर मुळीच नका उतरवू. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने निसरडा होतो, उतार सरळ, धरायला काही नाही. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही, पाय सरकत राहतो. आपल्या जिल्ह्यात दर वर्षी ऐकतो आपण. कुंपण आहे का? चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडून ठेवा, हवा भरलेली ट्यूब काठावर बांधून ठेवा.

निफाडकर
कुंपण आहे, एका बाजूने कुत्र्यांनी पाडलंय. दोर एकच आहे. उद्या पिंपळगावला जायचंच आहे, घेऊन येतो.

सिडको_एक्स्प्रेस
भाऊ ट्यूब ट्रकची घ्या, ट्रॅक्टरची जड पडते फेकायला. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ जुन्या मिळतात स्वस्तात. पंक्चर बघून घ्या.