मदत हवी आहे: ऑक्सिहिमोग्लोबिनमध्ये चेन-चेनमधले कॉन्टॅक्ट शून्य येतायत

कलिना_गेट (धागाकर्ती)
हिमोग्लोबिनच्या डीऑक्सी (ऑक्सिजन नसलेल्या) आणि ऑक्सी (ऑक्सिजन धरलेल्या) रूपांतले रेसिड्यू-रेसिड्यू कॉन्टॅक्ट, म्हणजे कोणती अमिनो आम्लं एकमेकांजवळ आहेत ते, काढतेय, बायोपायथन या पायथन लायब्ररीत. डीऑक्सीत चारही चेनमध्ये (दोन अल्फा, दोन बीटा) नीट येतात. ऑक्सीत अल्फा-१–बीटा-२ शून्य, अल्फा-अल्फाही शून्य. कटऑफ (कॉन्टॅक्ट धरायचं कमाल अंतर) वाढवला तरी तेच. कोड तोच आहे, फक्त फाइल बदलते. ऑक्सीत सॉल्ट ब्रिज (विरुद्ध भारांच्या अमिनो आम्लांमधले बंध) तुटतात हे माहीत आहे, पण एकूण एक कॉन्टॅक्ट कसे जातील? सोमवारी गाईडना आकृती दाखवायची आहे, लवकर सांगा.

हेलिक्स_काका
कुठली फाइल? कटऑफ किती? अंतर कोणत्या अणूंमधलं? सी-बीटा (साइड चेनचा पहिला कार्बन) ते सी-बीटा ८ अँगस्ट्रॉम हाही कॉन्टॅक्ट, आणि कुठलेही दोन जड (हायड्रोजन सोडून) अणू ४.५ च्या आत हाही कॉन्टॅक्टच.

कलिना_गेट
जड अणू, ४.५. सहा करूनही शून्य. फाइल पीडीबीतून (प्रोटीन रचनांच्या सार्वजनिक संग्रहातून) घेतली.

हेलिक्स_काका
पीडीबीत हिमोग्लोबिनच्या शेकडो नोंदी आहेत, ताई. चार अक्षरी कोड द्या.

बीटा_पत्रा
जड अणूंच्या नादी लागू नका. सी-बीटा ८ घ्या, ग्लायसिन असेल तिथे सी-अल्फा. कॅस्पमध्ये (प्रोटीनच्या रचनेचे अंदाज तपासणाऱ्या स्पर्धेत) हीच व्याख्या चालते. साइड चेन जरा इकडची तिकडे झाली की जड अणूंची यादी बदलते, सी-बीटाची सहसा नाही.

पवई_उतार
@बीटा_पत्रा, कॅस्पला घडीचा अंदाज तपासायचा असतो, म्हणून तिथे अनुक्रमातलं अंतरही ६, १२, २४ अशा पायऱ्यांनी बघतात. इथे इंटरफेस (दोन चेन भिडतात ती जागा) आहे, आणि तिथली सगळी मजा साइड चेनच्या टोकाशी आहे. आर्जिनिन ताठ असेल तर त्याच्या सी-बीटापासून टोकाच्या नायट्रोजनपर्यंतच ६ च्या आसपास भरतात. पुढे २.८ चा सॉल्ट ब्रिज, त्यापुढे ॲस्पार्टेटचा सी-बीटा. ८ च्या गाळणीतून असला धडधाकट ब्रिज सरळ खाली पडेल.

बीटा_पत्रा
मान्य, पण दोन रचनांचं रिझोल्यूशन वेगळं असेल तर ४.४ आणि ४.६ मधला फरक कशाचा म्हणणार?

पवई_उतार
म्हणूनच ४, ४.५ आणि ५ तिन्हींवर चालवायचं. जो फरक तिन्हींवर टिकतो तेवढाच आकृतीत. एकाच कटऑफवर दिसणारा फरक मी तरी धरणार नाही.

जुना_वर्गमित्र
आधी रामचंद्रन प्लॉट काढलात का? प्रोटीनच्या कण्यातल्या फाय-साय कोनांतच गडबड असेल तर पुढचं सगळं वाया.

कलिना_गेट
४एचएचबी आणि १एचएचओ. रामचंद्रन प्लॉटचा इथे काय संबंध? कोणी मूळ प्रश्नाचं उत्तर देईल का?

हेलिक्स_काका
हे कोड पहिल्या ओळीत हवे होते. १एचएचओच्या फाइलमध्ये दोनच चेन आहेत, ए आणि बी. ते फक्त असममित एकक आहे, म्हणजे अर्धा रेणू. उरलेला अर्धा स्फटिकातल्या द्विआवर्ती अक्षाने तयार होतो, त्याचं मॅट्रिक्स फाइलमधल्या रिमार्क ३५० या ओळींत दिलेलं असतं. ४एचएचबीत मात्र ए, बी, सी, डी चारही चेन हजर आहेत. आता मला सांगा, चेन डी नसताना तुमच्या कोडने कीएरर का नाही दिला?

कलिना_गेट
ट्राय-एक्सेप्ट आहे. एक्सेप्टमध्ये कंटिन्यू, म्हणजे चूक आली की ती सोडून पुढे. बाकीच्या फाइल्समध्ये चेन कमी-जास्त असतात म्हणून लावलं होतं.

हेलिक्स_काका
म्हणजे मोजलंच नाही, आणि आकृतीत शून्य छापलं. तो एक्सेप्ट आधी काढा. चेन नसेल तर कोड तिथेच थांबू दे.

नॅनोसेकंद
स्थिर रचनेवरून काय कळणार? दोन्ही रूपं ग्रोमॅक्समध्ये (अणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) १०० नॅनोसेकंद चालवा, मग त्यावर एमडीट्रॅज या लायब्ररीचं कम्प्यूट_कॉन्टॅक्ट्स लावा. जोडी किती टक्के वेळ टिकते ते मिळतं, कटऑफचा वादच मिटतो.

पवई_उतार
सोमवारपर्यंत? तेही अर्ध्या रेणूवर? आणि कटऑफ तिथेही लागतोच. शिवाय एमडीट्रॅज अंतर नॅनोमीटरमध्ये देतं. सवयीने ४.५ लिहिलं की ते ४५ अँगस्ट्रॉम झाले, आणि अख्ख्या हिमोग्लोबिनची लांबी साधारण ६५. निम्म्याहून जास्त जोड्या कॉन्टॅक्ट ठरतील. तिथे ०.४५ लिहायचं. आणि 'ऑल' दिलं की तो शेजारची आणि एक सोडून पुढची जोडी आपणहून गाळतो, बायोपायथन गाळत नाही. दोन्हीकडच्या याद्या जुळल्या नाहीत तर घाबरू नका.

घारापुरी
अवांतर: रेसिड्यूला पाठ्यपुस्तकात 'अवशेष' लिहिलंय. मला दर वेळी लेणी आठवतात.

बीटा_पत्रा
त्यापेक्षा रेसिड्यू बरा. पेप्टाइड बंध होताना पाणी निघून गेल्यावर जे उरतं ते, या अर्थाने अवशेष चूक नाही म्हणा.

कलिना_गेट
धाग्याला फाटे नकोत प्लीज. बायोलॉजिकल असेम्ब्लीची (पूर्ण रेणूची) .पीडीबी१ फाइल घेतली, एक्सेप्ट काढला. आता चेन सी नाही म्हणून एरर येतो. फाइल उघडून बघितली तर अणू बरोब्बर दुप्पट आहेत.

हेलिक्स_काका
त्या जुन्या फॉरमॅटमध्ये दुसरा अर्धा भाग मॉडेल २ म्हणून ठेवलेला असतो, आणि चेनची नावं तीच, ए आणि बी. तुम्ही स्ट्रक्चर[०] घेताय, म्हणजे फक्त पहिला अर्धा. एनएमआरने (स्फटिकाशिवाय) काढलेल्या रचनेच्या फाइलमध्ये मॉडेल म्हणजे एकाच रेणूच्या पर्यायी रचना, इथे मात्र दोन्ही मॉडेल एकत्र असायला हवीत. सोपा मार्ग असा की असेम्ब्ली १ ची एमएमसिफ (पीडीबीचा नवा फॉरमॅट) फाइल घ्या आणि एमएमसिफपार्सरने वाचा. तिच्यात नव्या चेनना ए-२, बी-२ अशी वेगळी नावं असतात. आधी चेनची नावं प्रिंट करून बघा, मग कोडमध्ये लिहा.

पवई_उतार
नावांवरून अल्फा-१–बीटा-२ ठरवू नका. ४एचएचबीत टायरोसिन ४२ आणि ॲस्पार्टेट ९९ (आकडा म्हणजे चेनमधला क्रमांक) ज्या दोन चेनमध्ये जवळ येतात ती जोडी अल्फा-१–बीटा-२. दुसरा, मोठा इंटरफेस अल्फा-१–बीटा-१, तो दोन्ही रूपांत जवळपास तसाच राहतो. तुमचा कोड बरोबर चालतोय का हे त्याच्यावरून तपासता येईल. तिथेच खूप फरक दिसला तर चूक कोडमध्ये शोधा.

हेलिक्स_काका
आणि नेबरसर्चला (बायोपायथनमधलं जवळचे अणू शोधणारं साधन) अणू देण्याआधी गाळा. रेसिड्यूच्या आयडीतला पहिला घटक रिकामा असेल तर तो साधा अमिनो आम्ल, 'डब्ल्यू' असेल तर पाणी, 'एच_' ने सुरू झाला तर हीमसारखं काही. गाळलं नाही तर सर्च_ऑल पाण्यालाही रेसिड्यू धरतो. मात्र सेलेनोमेथिओनिनही 'एच_' मध्ये जातो. इथे नाही, पण दुसऱ्या प्रोटीनवर हाच कोड चालवाल तेव्हा लक्षात असू द्या.

नॅनोसेकंद
एक विसरलात, स्फटिकातल्या शेजारच्या रेणूंशी आलेले कॉन्टॅक्ट नेहमी फेकून द्यायचे.

बीटा_पत्रा
नेहमी? २एचबीएस बघा, सिकल सेलचं डीऑक्सी हिमोग्लोबिन. बीटा ६ चा व्हॅलिन शेजारच्या टेट्रामरच्या (चार चेनच्या पूर्ण रेणूच्या) फेनिलॲलॅनिन ८५ आणि ल्यूसिन ८८ च्या खाचेत बसतो, आणि आजाराचं मूळ नेमकं तिथे आहे. तुमच्या नियमाने तोच पहिला कचऱ्यात गेला असता.

कलिना_गेट
आलं! डीऑक्सीत अल्फा टायरोसिन ४२–बीटा ॲस्पार्टेट ९९ आहे, ऑक्सीत नाही. ऑक्सीत अल्फा ॲस्पार्टेट ९४–बीटा ॲस्पॅराजिन १०२ आलं. ४ वरही टिकतं. दोन्ही रचना एकमेकींवर बसवून घ्यायला हव्या होत्या का?

पवई_उतार
नको. अंतर रेणूच्या आतलंच मोजताय, रेणू कसाही फिरवलात तरी ते बदलत नाही. बीटा हिस्टिडिन ९७ ची ओळ मात्र आकृतीत ठळक करा. डीऑक्सीत तो अल्फाच्या थ्रिओनिन ४१ आणि प्रोलिन ४४ च्या मध्ये असतो, ऑक्सीत ३८ आणि ४१ च्या मध्ये. एक अल्फा-बीटा डायमर दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ अंश फिरतो तेव्हा इंटरफेसवर नेमकं हे होतं.

हेलिक्स_काका
१एचएचओत अल्फा-१–बीटा-२ आणि अल्फा-२–बीटा-१ या दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या येतील, कारण दुसरा अर्धा पहिल्याचीच प्रत आहे. त्यांची सरासरी काढून एरर बार लावू नका. ४एचएचबीतल्या दोन जोड्या वेगवेगळ्या आहेत, तिथे थोडा फरक दिसेल.

कलिना_गेट
एरर बार लावून झाले होते. काढतेय.

जुना_वर्गमित्र
रामचंद्रन प्लॉट तरी जोडा शेवटी.