मदत हवी आहे : घरच्या चाचणीत निद्राश्वसनदोष (झोपेत श्वास अडणे, स्लीप अ‍ॅप्निया) सौम्य निघाला, तरी रुग्णालयात रात्रभराची चाचणी करावी का?

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझ्या वडिलांचे वय ६३ असून त्यांच्या झोपेच्या तक्रारीबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. घोरणे जुनेच आहे, पण अलीकडे त्यात खंड पडू लागला आहे. आवाज एकाएकी थांबतो, छाती आणि पोट हलत राहते, मात्र आईने नाकासमोर हात धरला तर श्वास लागत नाही; मग ते मोठ्याने हापकून श्वास घेतात आणि कूस बदलतात. सकाळी डोके जड असते, तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही. पलासियाच्या सिग्नलला स्कूटरवर डुलकी लागल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हापासून आम्ही त्यांना गाडी चालवू देत नाही.

छातीच्या डॉक्टरांनी घरी करायची चाचणी दिली. नाकाखाली नळी, छातीभोवती पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, एवढेच त्यात होते. अहवालात एएचआय, म्हणजे श्वास अडण्याचे किंवा उथळ होण्याचे तासाचे प्रमाण, ११ आले. ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, या हिशेबाने बाबांनी विषय मिटवून टाकला आहे. माझे मात्र समाधान झालेले नाही. त्या रात्री त्यांना बराच वेळ झोपच लागली नव्हती, आणि मेंदूच्या लहरी नोंदवण्याची सोय या यंत्रात नसल्याने प्रत्यक्ष झोप किती झाली हे त्याला कळत नाही. ते नोंदणीच्या एकूण तासांनीच भागाकार करते, त्यामुळे आकडा कमी येऊ शकतो. त्यातून क्लिप सकाळी पांघरुणात सापडली. रेम झोप, म्हणजे स्वप्ने पडण्याचा टप्पा, पहाटेकडे जास्त असते, तेव्हा घशाचे स्नायू अधिक सैल पडतात आणि त्रास बहुधा वाढतो. नेमक्या त्याच वेळेची ऑक्सिजनची नोंद अपुरी राहिली असावी.

म्हणून रुग्णालयात पॉलीसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेची रात्रभराची सविस्तर चाचणी, करावी असे मला वाटते. तीत डोके, डोळे, हनुवटी आणि पाय यांना सेन्सर लावतात, तंत्रज्ञ रात्रभर लक्ष ठेवतो आणि क्लिप निसटली तर लगेच बसवतो. पूर्वार्धात दोष तीव्र दिसला तर कित्येक ठिकाणी त्याच रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, लावून हवेचा दाबही ठरवतात. बाबांचे म्हणणे असे, की अनोळखी खोलीत इतक्या तारा लावून झोप येणारच नाही. ज्यांनी ही चाचणी करून घेतली आहे त्यांना झोप कितपत लागली, आणि तेवढ्या झोपेत निदान नीट झाले का?

दुसरा पर्याय म्हणजे थेट ऑटो सीपॅप वापरून पाहणे. दाब ते स्वतःच कमीजास्त करते हे खरे, पण अपुऱ्या अहवालावर उपचार सुरू करणे मला पटत नाही. कोणी तसे केले असल्यास पुढे काय झाले, ते कृपया सांगावे. बाबांना मिशा आहेत आणि रात्री तोंड उघडे राहते, तेव्हा मास्क नाकापुरता घ्यावा की तोंडही झाकणारा, याबद्दल रोज वापरणाऱ्यांनी लिहिल्यास फार उपयोग होईल. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे.